पुतळे, स्मारके आणि सरकारी बळाच्या आठवणी : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात पुतळ्यांची वानवा नाही. व्हरायटी चौकात गांधीजी आहेत, संविधान चौकात बाबासाहेब आहेत, झाशी राणी चौकात राणी लक्ष्मीबाई आहेत, आणि त्यांच्या जयंती-पुण्यतिथीला हार घालायला येणाऱ्यांची रांगही ठरलेली आहे. याच परिसरात, झिरो माइल या जुन्या मैलखांबाजवळ, गोवारी शहिदांचे स्मारक आहे. तिथे थांबणारे बहुतेक लोक आधी हे नेमके कशाचे आहे असे विचारतात आणि मग हळूहळू अवघड प्रश्नांकडे वळतात. विद्यार्थी, शिक्षक, बाहेरगावचे पाहुणे आणि क्वचित एखादा बंदोबस्तावरचा पोलीस शिपाई यांनी विचारलेले असे प्रश्न आणि आम्हाला देता आली तशी त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

गोवारी शहीद स्मारक कोणत्या घटनेचे आहे?

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. आपला अनुसूचित जमातींमध्ये समावेश मान्य करावा, ही त्यांची मागणी होती. पूर्व विदर्भातील गावांमध्ये गुरे राखणारा, दिवाळीत गायगोधनाच्या वेळी ज्याच्याशिवाय गावाचे पान हलत नाही, आणि उरलेले वर्षभर ज्याची फारशी कुणी विचारपूस करीत नाही, असा हा समाज. हजारोंच्या संख्येने आलेल्या मोर्चात स्त्रिया आणि लहान मुले मोठ्या प्रमाणावर होती. विधानभवनाच्या अलीकडे मोर्चा अडवण्यात आला, लोक ताटकळत राहिले, संध्याकाळच्या सुमारास गर्दी पुढे सरकली, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मरण पावली. मृतांत स्त्रिया आणि मुले यांचीच संख्या अधिक होती.

मुंबई राजधानी असताना इतका मोठा मोर्चा नागपुरात कसा?

विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेण्याविषयीच्या १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या या शहराने १९५६ मध्ये तो मान गमावला, त्याची ही एक प्रकारची भरपाई. परिणाम असा झाला की विदर्भातील माणसाला सरकार डोळ्यांनी दिसण्याचे वर्षातून एवढेच काही दिवस असतात, आणि ज्याची ज्याची म्हणून तक्रार आहे तो त्याच दिवसांत नागपूर गाठतो.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. मोर्चे बहुधा यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंट, टेकडी रोड अशा ठरलेल्या ठिकाणी पोलीस ते अडवतात. रस्ताभर बांबूच्या बल्ल्या आणि लोखंडी कठडे लावलेले असतात. त्यांच्या एका बाजूला माणसे रस्त्यावरच बसकण मारतात, गाठोड्यातली भाकरी सोडतात, आणि ध्वनिक्षेपकावरून कुणी ना कुणी बोलत असते. चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत नेले जाते आणि बाकीचे वाट पाहतात. मंत्री स्वतः मोर्चाला सामोरे आले, तर त्याची बातमी होते. बहुतेक वेळा निवेदनाच्या प्रतीवर पोच मिळते आणि लोक परतीची गाडी पकडतात. गोवारींचा मोर्चा या ठरलेल्या चाकोरीतलाच होता, हे ध्यानात घेतले तरच त्या दिवशी काय बिघडले याचा विचार करता येतो.

ती चेंगराचेंगरी होती. मग तिला सरकारी हिंसा कसे म्हणता?

हाच प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि तो विचारणारे सगळेच सरकारचे वकील नसतात. घटनेचा क्रम दोन प्रकारे सांगितला जातो. एका सांगण्याप्रमाणे लोकांनी कठड्यांवर रेटा दिला म्हणून लाठी चालली. दुसऱ्याप्रमाणे लाठी चालली म्हणून लोक सैरावैरा धावले. समाजातील माणसे दुसरा क्रम सांगतात, आणि तेवढ्या गर्दीत आधी काय आणि नंतर काय हे निर्विवाद ठरवणे सोपे नव्हते, हेही खरे.

आमच्या मते, जबाबदारीचा प्रश्न या क्रमावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. मोर्चा कुठे अडवायचा, कठडे कसे लावायचे, गर्दीला मागे सरकायला वाट ठेवायची की नाही, लेकुरवाळ्या बायका समोर असताना बळ वापरायचे की नाही, आणि दिवसभरात एकाही जबाबदार माणसाने बाहेर येऊन दोन शब्द बोलायचे की नाही, हे सगळे निर्णय शासनाच्या हातातले होते. मोर्चेकऱ्यांच्या हातात यातला एकही नव्हता. बंदुकीची गोळी सुटली नाही म्हणून ते मृत्यू अपघाती ठरत नाहीत. दुसरीकडे, हे हत्याकांड ठरवून घडवले, असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही, कारण बेपर्वाई आणि कट या दोहोंत फरक आहे आणि तो पुसून टाकल्याने मृतांचा सन्मान वाढत नाही.

कुणाला शिक्षा झाली का?

नाही. तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. या मृत्यूंसाठी कोणत्याही अधिकाऱ्याला न्यायालयाने शिक्षा केलेली नाही. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सत्तांतर झाले, आणि या घटनेचा त्या निवडणुकीत विदर्भात किती वाटा होता यावर आजही पारावर वाद रंगतात.

चौकशी आयोगाकडून लोक फार मोठी अपेक्षा करतात, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार नेमलेला आयोग हे न्यायालय नव्हे. तो तथ्ये गोळा करतो आणि शिफारशी करतो, पण त्या सरकारवर बंधनकारक नसतात. आयोगासमोर दिलेली साक्ष त्या साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचे निवेदन सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावे, अशी तरतूद आहे. याखेरीज, बेकायदा जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल संबंधित पोलिसावर खटला भरायचा असेल, तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ मध्ये होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५१ मध्ये आहे. म्हणजे स्मारकासाठी जागा द्यायची की नाही आणि खटल्याला परवानगी द्यायची की नाही, हे दोन्ही एकाच दाराशी ठरते. त्यांपैकी पहिली गोष्ट सरकारला नेहमीच स्वस्त पडते.

ज्या मागणीसाठी माणसे गेली, ती पूर्ण झाली का?

१९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घालण्यात आले आणि त्या प्रवर्गाला दोन टक्के आरक्षण मिळाले. अनुसूचित जमातीची मागणी मात्र शिल्लकच राहिली. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंडगोवारी’ अशी नोंद आहे आणि ती म्हणजे आम्हीच, असे समाजाचे म्हणणे आहे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते मान्य केले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, परंतु मधल्या काळात ज्यांनी त्या आधारावर प्रवेश किंवा नोकरी मिळवली होती, त्यांना संरक्षण दिले. दरवर्षी २३ नोव्हेंबरला स्मारकावर येणाऱ्यांच्या हातात फुलांबरोबर मागणीचे फलकही असतात ते यामुळेच. ज्याची मागणी अजून टेबलावर आहे त्याच्यासाठी हे स्मारक म्हणजे चालू प्रकरण आहे.

सरकारने स्मारक उभारू दिले, उड्डाणपुलाला नाव दिले. म्हणजे चूक कबूल केली असे नाही का?

तसे म्हणता येणार नाही. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ हे नाव मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. एरवी शहरातील पूल आणि रस्ते नेत्यांच्या नावे असतात, आणि गुराख्यांच्या नावाने पूल असणे हे दुर्मीळच. मात्र नाव देण्याने कोण गेले एवढेच सांगितले जाते, कुणामुळे गेले हे मोकळेच राहते. आज ते नाव लोकांच्या कानावर पडते ते बहुधा पुलावर वाहतूक तुंबल्याच्या बातमीत. ज्यांना १९९४ आठवत नाही त्यांना गोवारी हे पुलाचे नाव वाटते, समाजाचे नव्हे.

म्हणून स्मारकाची मागणी आणि न्यायाची मागणी ही दोन वेगळी निवेदने असावीत, असे आम्ही प्रत्येक कार्यकर्त्याला आवर्जून सांगतो. एकाच निवेदनात दोन्ही लिहिली की पहिली मान्य होते, भूमिपूजनाचा फोटो छापून येतो आणि दुसरी निकाली निघाल्यासारखी फाइल बंद होते.

‘शहीद’ ही पदवी कोण देते?

कोणतेही सरकारी कार्यालय देत नाही. लष्करातील मृत जवानांसाठीसुद्धा ही अधिकृत संज्ञा नाही, असे केंद्र सरकारने वेळोवेळी सांगितलेले आहे. समाज म्हणतो, पाटीवर लिहितो, आणि कालांतराने सरकारी कागदही तेच लिहू लागतो. मोर्चात बळी गेलेल्या, लढायला निघालेल्या नसलेल्या बाईला शहीद म्हणावे का, असा आक्षेप कधीकधी येतो. तिच्या माणसांनी म्हटले आहे, तेवढे आम्हाला पुरेसे आहे.

नागपुरात अशी आणखी स्मारके आहेत का?

उत्तर नागपुरात इंदोऱ्याला नामांतर शहीद स्मारक आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. त्यांचा निषेध करणाऱ्यांवर ऑगस्टच्या सुरुवातीला नागपुरात पोलिसांनी गोळीबार केला. नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचे नाव जोडणे, झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे गोवारी घटनेच्या वर्षीच. इंदोऱ्याच्या स्मारकाचा सांभाळ वस्तीने केला आहे. तिथे सरकारी कार्यक्रमाची वाट पाहिली जात नाही, आणि शहराच्या मध्यभागी नसल्यामुळे बाहेरच्या माणसाला ते सहसा कुणी दाखवतही नाही. आमचा सल्ला असा, की सीताबर्डीचे गोवारी स्मारक पाहिलेल्याने इंदोऱ्याचेही पाहावे.

१९४२ च्या हुतात्म्यांच्या रांगेत १९७८ आणि १९९४ च्या मृतांना बसवणे योग्य आहे का?

रांग लावण्याची गरज नाही, तुलना मात्र उपयोगी पडते. १९४२ च्या आंदोलनातील शंकर महाले या नागपूरच्या तरुणाला जानेवारी १९४३ मध्ये इथल्याच कारागृहात फाशी देण्यात आली, आणि त्यांच्याविषयी शहरात दुमत नाही. परक्या सरकारने केलेली हिंसा दगडावर कोरणे सोपे असते, कारण कोरणारा आणि करणारा वेगळे असतात. आपल्याच सरकारच्या बाबतीत दगडाची जागा, पैसा आणि उद्घाटक हे सगळे त्याच व्यवस्थेतून यायचे असतात.

तरीही १९४२ ची आठवणदेखील वाटते तितकी सरळ नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी उठाव झाला, त्यात सरकारी अधिकारीही मारले गेले, आणि नंतर आलेल्या फौजेने गावावर सूड उगवला. तेथील स्त्रियांवर अत्याचार झाल्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी साठहून अधिक दिवस उपोषण केले. आज चिमूरची गाथा सांगताना झेंडा आणि बालाजी रायपूरकर यांचे बलिदान सांगितले जाते, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण ज्या गोष्टीसाठी भन्साळींनी प्राण पणाला लावले, ती व्यासपीठावरून फार क्वचित ऐकू येते. वीरमरणाला पुतळा मिळतो. स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या अत्याचाराला तो मिळत नाही, आणि कोणत्या रूपात मिळावा हे आम्हालाही सहज सुचत नाही.

कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांचे काय? त्यांची स्मारके तुम्ही का दाखवत नाही?

दाखवतो. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन १९५९ मध्ये लडाखमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत मृत्यू पावलेल्या दहा जवानांच्या आठवणीत पाळला जातो, आणि विदर्भात त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या नावांमध्ये गडचिरोलीत बळी गेलेल्या कित्येकांची नावे असतात. त्यांतले बरेच जण आदिवासी घरांतले होते. त्याच गडचिरोलीच्या जंगलात माओवादी आपल्या मृतांचे लाल स्तंभ उभारतात आणि पोलीस ते पाडतात. ज्यांना दोन्ही बाजूंनी मारले, त्या गावकऱ्यांची आठवण या दोहोंमध्ये कुठे बसते, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अत्याचार करणाऱ्यांचे पुतळे पाडावेत का?

पाडणे आणि हलवणे यांत आम्ही हलवण्याच्या बाजूचे आहोत. १८५७ मध्ये अलाहाबाद, कानपूरकडे अमानुष सूड घेणाऱ्या जेम्स नील या अधिकाऱ्याचा पुतळा मद्रासच्या माउंट रोडवर होता. १९२७ मध्ये तरुणांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंगवास पत्करला, आणि १९३७ मध्ये राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाच्या काळात तो पुतळा उचलून संग्रहालयात ठेवण्यात आला. मुंबईचा काळा घोडा, म्हणजे सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला आणि जागेचे नाव मात्र मागेच राहिले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या लोकांनी जून २०२० मध्ये गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा ओढून पाण्यात टाकला. पुढे तो बाहेर काढून त्यावरच्या रंगाच्या डागांसह आडवाच संग्रहालयात मांडला गेला. असा आडवा पुतळा उभ्यापेक्षा जास्त सांगतो, असे आम्हाला वाटते.

पुतळ्याच्या विटंबनेवरून दंगल होते. मग पुतळेच नकोत, असे का म्हणू नये?

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराच्या वेळच्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. त्या दहा जणांचा जीव गोळीने घेतला, पुतळ्याने नव्हे. ज्या वस्तीला शहराने दुसरे काहीच दिलेले नाही, तिच्यासाठी चौकातला तो पुतळा हीच तिच्या असण्याची नोंद असते, आणि ती काढून घ्या असे सुचवणारे सहसा त्या वस्तीत राहत नाहीत.

आम्हाला आमच्या भागात असे स्मारक उभारायचे आहे. परवानगी कुठून घ्यावी?

पूर्णाकृती पुतळा असेल तर वाट लांबची आहे. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेला आहे. राज्याच्या २०१७ च्या शासन निर्णयानुसार जागेची मालकी, स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव, पोलिसांचा ना हरकत दाखला, पुतळ्याच्या मातीत घडवलेल्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, देखभालीची हमी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची परवानगी या सर्व गोष्टी लागतात. कटकट वाटते खरी, पण मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहून ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, हे आठवले की घाई नको वाटते. नागपुरात झिरो माइलसारख्या वारसास्थळाजवळ काही करायचे तर वारसा संवर्धन समितीचाही विचार घ्यावा लागतो.

आमचा अनुभव असा, की पुतळ्याचा आग्रह सोडून नावांची शिळा मागितली तर काम लवकर होते. शिवाय शंभरावर मृत असताना एकच चेहरा कुणाचा घडवायचा, हा पेच उरत नाही.

शिळेवर काय लिहावे?

तारीख, जागा, मृतांची पूर्ण नावे, वय आणि गाव. ते कशासाठी आले होते ते एका वाक्यात. बळ कुणी वापरले ते एका वाक्यात. चौकशी कुणी केली आणि तिचे पुढे काय झाले ते एका वाक्यात. यातले दुसरे आणि तिसरे वाक्य गाळण्याचा आग्रह हमखास धरला जाईल, आणि त्याच्या बदल्यात ‘विनम्र अभिवादन’ व त्याखाली उद्घाटकांची नावे सुचवली जातील. उद्घाटकांची नावे मृतांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरात नसावीत, एवढे तरी लेखी ठरवून घ्यावे.

मृतांच्या आकड्यांवर एकमत नसेल तर?

जालियनवाला बागेत सरकारी आकडा ३७९ होता आणि काँग्रेसचा अंदाज हजाराच्या वर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ हुतात्मे असे आपण बोलून जातो, प्रत्यक्षात यादी पुढे १०६ आणि १०७ पर्यंत गेली. अशा वेळी सरकारी आकडा, समाजाचा आकडा आणि नावानिशी खात्री झालेली यादी असे तिन्ही वेगवेगळे द्यावे. आकडा फुगवला की प्रतिपक्ष त्याच एका चुकीवर बोट ठेवून बाकीचे सगळे खोटे ठरवतो.

जुनी कागदपत्रे कुठे पाहता येतील?

त्या काळच्या नागपुरी दैनिकांच्या जुन्या अंकांपासून सुरुवात करावी. विधिमंडळातील कामकाजाचे वृत्तांत छापील असतात. चौकशी अहवालासाठी माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कासह संबंधित विभागाकडे करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि ‘अहवाल सापडत नाही’ असे उत्तर आले तर त्याविरुद्ध अपील जरूर करावे. मोर्चात गेलेली आणि परत आलेली माणसे आता वयस्कर झाली आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे हे कागदांहून अधिक निकडीचे काम आहे.

शाळेतील मुलांना घेऊन यायचे आहे. कधी यावे?

२३ नोव्हेंबरला कुटुंबीय आणि समाजबांधव येतात. त्या दिवशी मुलांना बाजूला शांत उभे करता येणार असेल तरच आणावे, आणि परवानगीशिवाय कुणाचेही फोटो काढू देऊ नयेत. एरवी कोणत्याही दिवशी सकाळी नऊच्या आत आल्यास रहदारी कमी असते आणि बोललेले ऐकू येते. मेट्रोचे झिरो माइल फ्रीडम पार्क स्थानक जवळ आहे. अधिवेशनाच्या काळात रस्ते बंद असतात, तेव्हा बस आणू नये. मात्र मोठ्या वर्गातील मुले असतील तर त्याच दिवसांत मेट्रोने यावे, आणि सुरक्षित अंतरावरून त्यांना कठड्यांच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात.